ताट फिरतं, दूध गारच

बहिणीचा चिखलीहून फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. "दादा, ओव्हन चालतोय रे, पण दूध तापतच नाही. दोनदा लावून पाहिलं." आत दिवा लागतो का? लागतो. काचेचं ताट फिरतं? फिरतं. पंख्याचा आवाज? येतो. वेळ संपल्यावर टिंग वाजतं? "हो रे, सगळं होतंय. फक्त दूध गार."

मायक्रोवेव्हबद्दलची ही तक्रार मी इतक्या घरांत ऐकली आहे की तिच्यासाठी या पुस्तकात वेगळं प्रकरण ठेवावं असं पहिल्यापासून मनात होतं. दिवा लागतो म्हणजे मशीन चालू आहे, असं आपण धरून चालतो. पण मायक्रोवेव्हच्या एकाच पेटीत दोन वेगळी यंत्रं नांदतात. दिवा, पंखा, ताटाची मोटर आणि घड्याळ हे पहिलं यंत्र. ते घरातल्या साध्या विजेवर चालतं. उष्णता तयार करणारं दुसरं यंत्र पाठीमागे पत्र्याआड असतं, आणि तिथला कारभार चार हजार व्होल्टचा आहे. दिवा लागतो यावरून पहिलं यंत्र जिवंत आहे एवढंच कळतं. दुसऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

या दुसऱ्या यंत्रात चार मुख्य भाग असतात. एक जड ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे सुमारे दोन हजार करतो. कपॅसिटर, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात, आणि एक डायोड मिळून तो दाब जवळजवळ दुप्पट करतात. ही वीज मॅग्नेट्रॉनला मिळते आणि तिथे लहरी तयार होतात. मॅग्नेट्रॉन म्हणजे तांब्याची एक गोल कोठी. तिच्या मधोमध तापलेली तार, भोवती पोकळ्या, वर आणि खाली एकेक लोहचुंबकाची चकती. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन सरळ बाहेरच्या भिंतीकडे जाऊ पाहतात, चुंबक त्यांना वळवतो, आणि ते पोकळ्यांच्या तोंडावरून गरगरत जातात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की बाटली घुमते, तशा या पोकळ्या घुमतात. फक्त हे घुमणं सेकंदाला २४५ कोटी वेळा होतं. त्यातून निघणाऱ्या लहरीची लांबी साधारण बारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी जास्त.

हे उपकरण स्वयंपाकासाठी जन्मलंच नव्हतं. १९४० च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल आणि हॅरी बूट या दोघांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला, तो शत्रूची विमानं हेरणाऱ्या रडारसाठी. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातला गोड पदार्थ चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळला, आणि त्यांनी मक्याचे दाणे आणून फोडून पाहिले. १९४७ चा पहिला ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. ओट्यावर मावणारा यायला १९६७ साल उजाडलं. याच कुळातला, पण कितीतरी ताकदवान मॅग्नेट्रॉन कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या लिनॅक यंत्रांतही असतो. आयआयटी मुंबईच्या आवारातल्या 'समीर' या संस्थेनं अशी यंत्रं देशात तयार केली आणि त्यांतलं एक आपल्या विदर्भात, सेवाग्रामच्या रुग्णालयात बसवलं गेलं. ओट्यावरच्या पेटीकडे त्यानंतर मी थोड्या आदरानंच पाहू लागलो.

तर, बहिणीचं दूध. फोनवर मी तिला सांगितलं, झाकण उघडायचं नाही, कुठलाही स्क्रू काढायचा नाही. काचेच्या ग्लासात पाव लिटर पाणी घे, त्यात लाकडी चमचा उभा ठेव, फक्त मायक्रोवेव्हचं बटण दाब, पूर्ण पॉवर, दोन मिनिटं.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. हल्लीच्या बऱ्याच ओव्हनमध्ये कन्व्हेक्शन आणि ग्रिलही असतं. ती उष्णता साध्या कॉइलची, मॅग्नेट्रॉनशी तिचा संबंध नाही. मॅग्नेट्रॉन मेलेला असतानाही केक छान फुगतो आणि घरची माणसं गोंधळतात, म्हणून निव्वळ मायक्रोवेव्ह तपासायचं. पूर्ण पॉवर अशासाठी, की ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये 'कमी आच' नावाची गोष्टच नसते. वीस टक्के लावलं की काही सेकंद पूर्ण जोरात चालतो आणि बाकीचा वेळ नुसता ताट फिरवत बसतो. कुणी चुकून डिफ्रॉस्टवर ठेवला असेल तर तो बिघडल्यासारखाच वाटतो. काही मॉडेलमध्ये दुकानात दाखवण्यासाठीचा डेमो मोडही असतो. आकडे उलटे मोजले जातात, उष्णता शून्य. माहितीपुस्तिका चाळली तर तो बंद करायची रीत सापडते. आणि लाकडी चमचा यासाठी, की गुळगुळीत काचेत पाणी कधी कधी उकळी न फुटताच उकळणबिंदूच्या वर जातं आणि हात लागताच उसळून अंगावर येतं. लाकडाच्या छिद्रांतून बुडबुडे सुटतात आणि तो धोका बराच टळतो.

चांगल्या ओव्हनमध्ये हे पाणी दोन मिनिटांत उकळीच्या जवळ जातं. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलं आहे, त्यामुळे तिथे पाणी ९८ अंशांलाच उकळतं, म्हणून घाटावरच्या माणसांनी शंभराची वाट पाहू नये. नेमकं मोजायचं असेल तर एक लिटर पाणी एक मिनिट ठेवायचं, ढवळून तापमान किती अंश वाढलं ते पाहायचं आणि त्याला सत्तरनं गुणायचं. अकरा अंश वाढलं तर साधारण ७७० वॉट. डब्यावर ८०० लिहिलं असेल तर यंत्र धडधाकट आहे. चार-पाच अंशच वाढलं तर मॅग्नेट्रॉन थकला आहे किंवा त्याला पुरेशी वीज मिळत नाही. ताप मोजायचा थर्मामीटर यासाठी वापरू नका, स्वयंपाकाचा वेगळा मिळतो.

बहिणीच्या ग्लासातलं पाणी होतं तसंच राहिलं. मग मी म्हणालो, आता कान दे.

चांगला ओव्हन सुरू केल्यावर आधी पंख्याची सूं ऐकू येते. दोन-एक सेकंदांनी आवाज बदलतो, खाली एक जाडसर घुमारा मिसळतो आणि आतला दिवा किंचित मंदावतो. तार तापायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर मॅग्नेट्रॉन वीज ओढू लागतो आणि ट्रान्सफॉर्मरवर भार येतो. घुमारा आलाच नाही तर वीज बहुधा ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचत नाही. आला पण उष्णता नाही, तर दोष त्याच्या पुढे आहे. आणि म्हैस डुरकावी तसा कर्कश आवाज येत असेल, सोबत जळका वास असेल, तर डायोड किंवा कंडेन्सर शॉर्ट झालेला असू शकतो. तेव्हा दुसऱ्यांदा तपासायला बटण दाबायचं नाही. प्लग काढून ठेवायचा.

बहिणीला घुमारा कळेना. सासूबाईंचा टीव्ही, कुकरची शिट्टी, खिडकीबाहेर ट्रॅक्टर. म्हणून दुपारी मी चिखलीला गेलो आणि भाच्याला अंगणातल्या विजेच्या मीटरसमोर उभं केलं.

महावितरणच्या डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरवरच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो. बहिणीकडचा आकडा ३२०० होता. घरातलं बाकी सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा. बाराशे वॉट ओढणारा ओव्हन चालू असेल तर मिनिटाला चौसष्ट लुकलुक व्हायला हव्यात. भाच्यानं मोजल्या तीन. तीन म्हणजे साठ वॉटही नाहीत, नुसता दिवा, पंखा आणि मोटर. पत्र्याआडच्या यंत्रापर्यंत वीज जातच नव्हती. एकही स्क्रू न काढता आम्ही निम्मा ओव्हन संशयातून मोकळा केला होता. चौसष्ट आल्या असत्या आणि पाणी तरी गार राहिलं असतं, तर शोध मागच्या उच्चदाबाच्या भागात वळला असता. महागड्या उपकरणांपेक्षा ही युक्ती मला जास्त आवडते, कारण ती आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही अंगणात करता येते.

मग वीज अडते कुठे? बहुतेक वेळा दारात. दाराच्या आकड्यांमागे तीन छोटे मायक्रोस्विच असतात. दार नीट लागलं की ठरलेल्या क्रमानं दोन स्विच जुळतात आणि मग ट्रान्सफॉर्मरला वीज मिळते. तिसरा पहारेकरी आहे. दार उघडूनही पहिला स्विच चिकटून राहिला तर हा तिसरा मुद्दाम शॉर्ट घडवतो आणि फ्यूज उडवतो, म्हणजे दार उघडं असताना लहरी बाहेर येत नाहीत. म्हणून ज्या घरी ओव्हनचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, तिथे नुसता फ्यूज बदलत राहणं चूक आहे. पहारेकरी काहीतरी सांगतोय, आधी स्विच तपासायला हवेत.

बहिणीच्या ओव्हनच्या मुठीवर ओला पंचा वाळत टाकायची सवय होती. दार रोज थोडं थोडं खाली ओढलं जायचं. मी दार बंद करून मूठ जराशी वर रेटली, बटण दाबलं, आणि दोन सेकंदांनी तो जाडसर घुमारा आला. सोडलं की गेला. दोष सापडला, पण तसाच रेटून वापरायचा मोह पडतो तो टाळायलाच हवा. सैल दार, वाकलेला आकडा, तडकलेली जाळी यांपैकी काहीही असेल तर ओव्हन दुरुस्त होईपर्यंत बंद.

प्रत्येक घरी कारण दारच असेल असं नाही. काही ओव्हन पाच-सात मिनिटं छान तापवतात, मग थंडावतात आणि अर्ध्या तासानं पुन्हा शहाण्यासारखे वागतात. मॅग्नेट्रॉनला चिकटलेली उष्णतेची कळ तो फार तापला की वीज तोडते, त्याचं हे लक्षण. कारण बहुधा बंद झालेल्या झरोक्यांत असतं. खामगावला जिनिंगजवळच्या एका घरात मी पाहिलं होतं, पंख्याच्या पात्यांवर कापसाची पिंज इतकी दाट बसली होती की पातं दिसत नव्हतं. ओव्हन भिंतीला टेकवून ठेवणं, वर वर्तमानपत्रांची चळत रचणं, आत काही नसताना चालवणं, यांनीही तेच होतं. रिकाम्या पेटीत लहरी शोषायला काही नसतं, त्या परत मॅग्नेट्रॉनवरच आदळतात.

आणि कधी कधी ओव्हन अगदी ठणठणीत असतो. नांदुऱ्याकडच्या एका गावात शिक्षक असलेल्या स्नेह्यांचा ओव्हन उन्हाळ्यात तापवेनासा झाला. खामगावचा मेकॅनिक आला, त्यानं पेटी उघडलीच नाही. सॉकेटमध्ये मीटरच्या दोन काड्या घातल्या आणि म्हणाला, "सर, मशीन चांगली हाय. करंटात दम नाही. रातच्या अकराले लावून पाहा." काड्यांवर १७२ व्होल्ट होते. नियमाप्रमाणे २३० मध्ये सहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. पूर्णेच्या खोऱ्यातला मे महिना, घराघरांत कूलर, सगळा भार गावातल्या एका डीपीवर. दाब उतरला की मॅग्नेट्रॉनला दुहेरी फटका बसतो. उच्चदाब घटतो, आणि तार तापवणारे जेमतेम सव्वातीन व्होल्ट त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येत असल्यानं तारही अर्धवट तापते. दिव्याला आणि ताटाच्या मोटरीला मात्र एवढ्यानं काही फरक पडत नाही. रात्री अकराला त्याच ओव्हनमध्ये पाणी उकळलं. अशा ठिकाणी पैसे घालायचेच तर पुरेशा क्षमतेच्या स्टॅबिलायझरवर घालावेत. टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर इथे उपयोगाचा नाही. ओव्हन ८०० वॉट उष्णता देतो तेव्हा भिंतीतून बाराशेच्या आसपास ओढतो.

शेगावची कचोरी ओव्हनमध्ये मऊ पडते, ही तक्रारही 'नीट तापत नाही' म्हणून येते. ओव्हनचा यात दोष नाही. लहरी ओलाव्याला तापवतात, सारणातली वाफ बाहेर येते आणि कोरडं, खुसखुशीत आवरण तिनं भिजतं. कचोरी तव्यावर गरम करा.

अर्थिंगबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण याची मला खरोखर काळजी वाटते. ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाबाच्या वेटोळ्याचं एक टोक सरळ ओव्हनच्या पत्र्याला जोडलेलं असतं. पत्रा जमिनीला नीट जोडलेला असेल तरच ही रचना सुरक्षित. आपल्याकडे सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असतेच असं नाही. असली तरी ती अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात जाते आणि खड्डा काळ्या मातीत असतो. पावसाळ्यात ती माती वीज छान वाहून नेते. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, सळईभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, उलटी गत. खारट मातीत वीज सहज जाते पण तीच माती लोखंडी सळई खाऊन टाकते. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत जा आणि दर दोन-तीन वर्षांनी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. ओव्हनला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर त्याच क्षणी प्लग काढा.

पत्रा उघडण्याचं काम जाणकाराचं आहे, हे मी वारंवार का सांगतो? प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये दोन हजार व्होल्टच्या घरात भार राहू शकतो. त्यात एक रोधक बसवलेला असतो, तो मिनिटाभरात भार उतरवतो, पण रोधक तुटलेला असेल तर बाहेरून ते कळत नाही. चालू ओव्हन उघडा ठेवून काड्या लावणं तर याहून भयंकर. तिथे ट्रान्सफॉर्मर थेट जीवघेणी वीज पुरवत असतो, आणि घरातली सुरक्षा-कळ तो धक्का ओळखेलच असं नाही. भंगारातल्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी उमटवायचे व्हिडिओ मुलं पाहतात. त्या खेळात परदेशात अनेकांचे जीव गेले आहेत. घरात वयात येणारी, उद्योगी मुलं असतील तर त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

मेकॅनिक काम करत असताना मात्र जवळ बसून पाहायला हरकत नाही, आणि काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. चांगला मेकॅनिक आधी कंडेन्सर रिकामा करतो, मगच हात घालतो. मॅग्नेट्रॉनच्या दोन टोकांमध्ये एका ओहमपेक्षा कमी रोध हवा, आणि कुठल्याही टोकापासून पत्र्यापर्यंत अजिबात वाट नको. चुंबकाची चकती तडकली असेल, ओव्हन कधी आपटला असेल, तरी उष्णता घटते. डायोडच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. साध्या मल्टिमीटरवर चांगला डायोडही दोन्ही बाजूंनी बंदच दिसतो, कारण त्याच्या आत अनेक डायोड ओळीनं जोडलेले असतात आणि मीटरचे दीड-दोन व्होल्ट त्यांतून पार होत नाहीत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मालिकेत जोडून तपासलं तरच खरं कळतं. 'डायोड गेला' असं पटकन सांगितलं गेलं तर कसा तपासला, हे नम्रपणे विचारा. मॅग्नेट्रॉनच गेला असेल आणि ओव्हन जुना असेल तर दुरुस्तीचा खर्च नव्या साध्या ओव्हनच्या बराच जवळ जातो, तेव्हा हिशेब करून ठरवा. जुना मॅग्नेट्रॉन फोडून आतलं तांबं काढायला कुणाला देऊ नका. काहींच्या चिनी मातीसारख्या भागात बेरिलियम ऑक्साइड असतं. त्याची भुकटी फुप्फुसाला घातक आहे, आणि कोणत्यात ते आहे हे नुसतं पाहून ओळखता येत नाही.

चिखलीचा मेकॅनिक संध्याकाळी आला. साठीचे गृहस्थ, चष्म्याला दोरी. त्यांनी दाराची बिजागरी सरळ केली, वरचा मायक्रोस्विच काढून माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या दोन पेरांएवढा काळा ठोकळा, एका बाजूला लाल बटण. "दाबून पाहा भाऊ." दाबला तर टिक् वाजलाच नाही, मऊ खाली गेला. फोडून दाखवला तेव्हा आत दोन चांदीचे ठिपके होते, मिरीएवढेही नाहीत. एक कोळशासारखा काळा पडला होता आणि शेजारचं प्लास्टिक वितळून पिवळं झालं होतं. दार सैल, म्हणून ठिपके पुरते टेकत नव्हते, आणि दर वेळी मधल्या फटीत ठिणगी पडत होती. त्यांनी नवा बसवताना शेजारचे दोनही बदलले. "एक गेला की बाकीचेही त्याच वयाचे," एवढंच म्हणाले.

पंचा आता खुंटीवर गेला आहे. बहिणीनं ग्लासभर पाणी ठेवलं, लाकडी चमचा टाकला, बटण दाबलं. सूं, मग घुमारा, दिवा किंचित मंद. अंगणातून भाचा मोठ्यानं मोजत होता, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, आणि ग्लासाच्या तळाशी चमच्याला लागून बारीक बुडबुड्यांची पहिली रांग वर सुटली.